जबडा दुखतो तेव्हा पैसे कशावर खर्चावेत

कानात ठणका लागला म्हणून माणूस कानाच्या डॉक्टरकडे जातो आणि कान साफ निघतो. मग दाढेचा संशय येतो, एक्स-रे निघतो, दाढही धड असते. कानशील ठसठसते म्हणजे अर्धशिशी असणार, म्हणून गोळ्या सुरू होतात आणि त्यांनीही फारसा उतार पडत नाही. एवढे झाल्यावर कोणी तरी कानाच्या पाळीपुढे बोट टेकवून तोंड उघडायला सांगते. बोटाखाली जे सरकते तो जबड्याचा सांधा. म्हैसूरसारख्या शहरात ही फेरी सहज घडते, कारण जाण्यासारखी ठिकाणे पुष्कळ आहेत. १९६५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्‌ व श्रवण संस्था आहे, १९८६ पासूनचे जेएसएस दंत महाविद्यालय आहे, फारुकिया दंत महाविद्यालय आहे, के. आर. रुग्णालय आहे, आणि गल्लोगल्ली दवाखाने आहेतच. उपचारांना तोटा नाही. त्यांतल्या कशाला आधी हात घालावा आणि कशासाठी खिशात हात घालूच नये, हे मात्र रुग्णाला क्वचितच नीट सांगितले जाते. उपलब्ध अभ्यास एकत्र ठेवून पाहिले तर या दुखण्यात एक उलटा हिशेब दिसतो. उपचाराची किंमत जशी चढत जाते, तसा त्याच्यामागचा पुरावा बहुतेक वेळा विरळ होत जातो.

हा हिशेब उलटा कसा झाला, त्याला इतिहास आहे. सेंट लुईसचे कान-नाक-घसातज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी १९३४ मध्ये अकरा रुग्णांच्या आधारे मांडले, की मागच्या दाढा पडल्या की जबडा जास्त मिटतो, सांधा दबतो आणि त्यातून कानदुखी, कानात आवाज, डोकेदुखी उद्भवते. निदान कानाच्या डॉक्टरने केले, पण उपायाची किल्ली त्यातून दंतवैद्यांच्या हाती गेली. दोष चाव्यात असेल तर चावा सुधारायचा, म्हणून पुढची काही दशके दात घासून सपाट करणे, कॅप बसवून चावा उंच करणे, तारा लावणे असे उपाय झाले. १९८० च्या दशकात अमेरिकेत याच्याही पुढे जाऊन सांध्यातली चकती काढून तिथे प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे कृत्रिम तुकडे बसवले गेले. ते झिजले, कण सुटले, आजूबाजूचे हाड खाल्ले गेले, आणि १९९० च्या सुमारास ते परत मागवावे लागले. तोवर अनेकांचे जबडे कायमचे बिघडले होते. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘ऑपेरा’ या मोठ्या अभ्यासात धडधाकट माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. कोणाचा जबडा पुढे दुखू लागतो याचा अंदाज दातांच्या ठेवणीवरून फारसा बांधता आला नाही. झोप नीट नसणे, अंगात इतरत्र दुखणे असणे, मनावर ताण असणे आणि शरीराच्या बारीकसारीक तक्रारींचे ओझे, यांवरून तो कितीतरी चांगला बांधता आला. तरीही ‘तुमचा चावा बिघडला आहे’ हे वाक्य दवाखान्यात अजून ऐकू येते, कारण त्याच्या पाठोपाठ बिल करता येईल असे काम सुचवता येते. हा आरोप सगळ्या दंतवैद्यांवर नाही. व्यवस्था ज्या कामाचे पैसे देते ते काम वाढते, एवढेच.

आजच्या घडीचा सर्वांत उपयोगी दस्तऐवज म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ने प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका. तीन महिन्यांहून जास्त काळ टिकलेल्या जबड्याच्या दुखण्यावरच्या दोनशेहून अधिक चाचण्या एकमेकींशी ताडून ती तयार झाली. तिने ठाम शिफारस कशाची केली? दुखण्याकडे पाहण्याची आणि त्याला तोंड देण्याची रीत बदलणारे मानसोपचार, म्हणजे सीबीटी. तज्ज्ञाने हाताने सांधा मोकळा करून देणे. स्नायूतल्या दुखऱ्या गाठी हाताने दाबून सैल करणे. देखरेखीखाली जबड्याचे आणि मानेचे व्यायाम. आणि नेहमीची काळजी, म्हणजे घरी करायचा व्यायाम, माहिती आणि धीर. कशाबद्दल नको म्हटले? दातांवर बसवायच्या काढघालीच्या पट्ट्या, बोटॉक्स, लेसर, विजेचे सौम्य झटके, स्टेरॉइडची आणि हायलुरोनिक आम्लाची इंजेक्शने, गॅबापेंटिन, झोपेच्या गोळ्यांच्या वर्गातली औषधे. या गोष्टींविरुद्धची शिफारस सशर्त आहे, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या बाबतीत निर्णय वेगळा होऊ शकतो. ठाम नकार आहे तो चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्यांना, सांध्यातली चकती काढण्याला आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांसोबत अफूवर्गीय औषध देण्याला. आपल्याकडे ट्रामाडॉल मिसळलेल्या गोळ्या ज्या सहजतेने लिहून दिल्या जातात ते पाहता हा शेवटचा नकार भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की लक्षात येते, पहिल्या यादीत विकत घ्यायची वस्तू एकही नाही. तिथे लागतो तो जाणत्या माणसाचा वेळ. आणि अडचण नेमकी इथे आहे. बोटॉक्सचे इंजेक्शन दहा मिनिटांत होते आणि त्याचे हजारो रुपये मिळतात. तीन-चार महिन्यांत त्याचा असर ओसरला की रुग्ण पुन्हा येतो. जबडा कसा सैल ठेवायचा हे अर्धा तास बसून शिकवण्याचे पैसे कोण देणार? आरोग्यविम्यात बाह्यरुग्ण दंतोपचार सहसा बसतच नाहीत. म्हणून या दुखण्यात ‘परवडणारे’ म्हणजे स्वस्त उपकरण शोधणे असे नव्हे. जिथे माणसाचा वेळ कमी पैशांत मिळतो अशी जागा शोधणे. अशी जागा आपल्या देशात आहे, आणि ती म्हणजे शिकवणारे रुग्णालय. दंत महाविद्यालयाच्या मुखरोग विभागात पदव्युत्तर विद्यार्थी रुग्ण तपासतो, त्याला घाई कमी असते, चौकशी सविस्तर करावीच लागते आणि वर प्राध्यापक पाहून जातात. ताटकळावे लागते आणि तीच कहाणी दोनदा सांगावी लागते, हे खरे. पण तपासणी शुल्क खासगी दवाखान्याच्या तुलनेत नगण्य असते. म्हैसूरला दंत महाविद्यालयांच्या जोडीला जेएसएसचेच फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला मुंबईचे नायर दंत महाविद्यालय किंवा मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये हाच मार्ग देतात. फिजिओथेरपिस्टकडे जाताना ‘जबड्यासाठी आलोय’ असे आधीच सांगावे. सगळ्यांना गुडघे आणि कंबर येते, जबडा सगळ्यांना येत नाही.

दात आवळण्याकडे वळू. जबडादुखी आणि दात खाणे या दोन गोष्टी इतक्या एकत्र बोलल्या जातात की एक म्हणजे दुसरीचे कारण असे गृहीत धरले जाते. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात चेहऱ्याच्या स्नायूंचे जुने दुखणे असलेल्या शंभरावर स्त्रियांना झोपेच्या प्रयोगशाळेत झोपवून मोजमाप केले. त्यांच्यात झोपेत दात खाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघाले; न दुखणाऱ्या स्त्रियांतही जवळजवळ तेवढेच. स्वतः रुग्णांनी सांगितलेले प्रमाण मात्र कितीतरी जास्त होते, कारण ‘तुम्ही रात्री दात खात असणार’ असे त्यांना कोणी तरी आधी सांगितलेले असते. तज्ज्ञांच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार निरोगी माणसात दात खाणे हा रोग मानायचा नाही, स्नायूंचे एक वर्तन मानायचे. त्याचे प्रकार दोन. झोपेतला प्रकार मेंदूच्या क्षणिक जागेपणाशी बांधलेला असतो. ‘आज रात्री दात खाणार नाही’ असा निश्चय करून तो थांबत नाही. जागेपणीचा प्रकार वेगळा. त्यात करकर आवाज नसतो, कोणाला दिसतही नाही. पडद्याकडे पाहत काम करताना, दुचाकी चालवताना, बारीक अक्षर वाचताना दात एकमेकांवर टेकून राहतात, तासन्‌तास. दिवसभरात, जेवणखाण धरूनही, वरचे-खालचे दात एकमेकांना लागण्याचा एकूण वेळ साधारण वीस मिनिटांपलीकडे जायला नको. जागेपणीचा प्रकार सवयीचा आहे, म्हणून तो मोडता येतो, आणि मोडायला पैसा लागत नाही. (पोरगे रात्री दात खाते म्हणजे पोटात जंत, ही आपल्याकडची समजूत मात्र पुराव्यावर फारशी टिकत नाही.)

इथे नाईट गार्डचा, म्हणजे रात्री दातांवर घालायच्या पट्टीचा, आक्षेप येतो. दंतवैद्य म्हणतील, रात्री दात झिजताना दिसतात, कॅप फुटतात, आणि तुम्ही पट्टी नको म्हणता? आक्षेप रास्त आहे. पण त्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. पट्टी दातांची झीज अंगावर घेते, हे खरे. ती दुखणे कमी करते का, हा दुसरा प्रश्न. ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीतून झालेल्या २०२० च्या आढाव्यात पट्टी दुखणे कमी करते असे म्हणण्याजोगा भक्कम पुरावा मिळाला नाही. ज्याचे दात दिसण्याइतके झिजले आहेत किंवा ज्याने महागड्या कॅप बसवल्या आहेत, त्याने पट्टी जरूर घ्यावी. दातांचा विमा म्हणून घ्यावी, दुखण्याचे औषध म्हणून नव्हे. आणि घ्यायचीच तर सगळे दात झाकणारी, कडक अ‍ॅक्रिलिकची घ्यावी. दातांचा ठसा घेतात, प्लास्टरचा साचा करतात, पट्टी बसवून निळा कागद दातांत धरायला लावतात आणि जिथे ठसा गडद उमटतो तिथे घासतात. सगळीकडे सारखे ठिपके उमटेपर्यंत हे चालते. हे घासणे दोन-तीन भेटींत व्हायला हवे. एकाच भेटीत ‘घ्या, घाला’ म्हणून दिलेल्या पट्टीचा अर्धा खर्च वाया गेला समजावे. गरम पाण्यात मऊ करून चावायची ऑनलाइन पट्टी थोड्या पैशांत येते, पण मऊ पट्टी चघळायला काहींना उलट चेव येतो. फक्त पुढच्या चार दातांवर बसणारी छोटी पट्टी महिनोन्‌महिने घातली तर बाकीचे दात सरकून चावा उघडा पडू शकतो. खासगी दवाखान्यात कडक पट्टीला काही हजार रुपये लागतात, दंत महाविद्यालयात बरेच कमी.

आता घरी करायचे ते. तोंड मिटून ‘न’ म्हणायच्या तयारीत जीभ ठेवली, की तिचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते, ओठ मिटतात आणि दात आपोआप सुटे राहतात. ही जबड्याची विश्रांतीची जागा. दिवसभर तिकडे परत येत राहायचे. संगणकाच्या कडेला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, दुचाकीच्या आरशाखाली एकेक रंगीत ठिपका चिकटवावा. नजर गेली की दात सुटे आहेत का पाहावे, खांदे खाली सोडावेत, एक लांब श्वास घ्यावा. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक वेळी दात आवळलेले सापडतात आणि माणूस चकित होतो. व्यायामही याच जागेवरून सुरू होतो. जीभ टाळूला लावून ठेवायची आणि तेवढेच तोंड उघडायचे, सावकाश, आरशात पाहत, हनुवटी कोणत्याही बाजूला न कलू देता. जीभ टाळूला असली की जबडा गरजेपेक्षा जास्त पुढे सरकत नाही, खुंटीवरच फिरतो. सहा-सात वेळा, दिवसातून पाच-सहा वेळा. गालाच्या जाड स्नायूवर, म्हणजे दात आवळल्यावर बोटाला फुगलेला लागतो तिथे, ओला गरम टॉवेल दहा-पंधरा मिनिटे. जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरावी. नखे कुरतडणे, पेन चावणे, च्युइंगगम बंद. दुखणे तीव्र असेल त्या दोन-तीन आठवड्यांत मऊ खावे, आणि इथे म्हैसूरचे स्वयंपाकघर मदतीला धावते. नाचणीचा मुद्दा, म्हणजे रागीमुद्दे, चावायचा नसतोच. गोळा सारात बुडवून गिळायचा असतो. मऊ इडली, बिसीबेळे भात, दहीभात आहेच. चकली, भाजलेले शेंगदाणे, ऊस आणि कडक म्हैसूरपाक काही दिवस लांब ठेवावे. तुपाने निथळणारा मऊ म्हैसूरपाक चालेल. जबड्याचा त्याला आक्षेप नाही.

सुपारी मात्र वेगळा विषय आहे आणि इथे थोडे थांबायला हवे. म्हैसूरच्या विड्याच्या पानाला भौगोलिक मानांकन आहे. पान या शहराच्या अभिमानाचा भाग आहे. पानासोबत येणारी सुपारी जबड्याला दुहेरी मारते. एक तर तासन्‌तास चघळण्याने स्नायू थकतात. दुसरे आणि गंभीर म्हणजे सुपारीने तोंडाच्या आतल्या अस्तराखाली तंतू धरतात, गाल चामड्यासारखे ताठ होतात आणि तोंड उघडणे महिन्या-महिन्याने कमी होत जाते. हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला तंबाखूशिवायही कर्करोगजनक ठरवले आहे. कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सुपारी मोकळी विकली जाते. पाश्चात्त्य मार्गदर्शिकांत याचा उल्लेख नसतो, कारण तिथे हा प्रश्न क्वचितच येतो. आपल्याकडे ‘जबडा आखडलाय’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न सुपारी-गुटख्याचा विचारला पाहिजे. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का पाहावे. प्रौढाचे तोंड साधारण चाळीस मिलिमीटर उघडते. बोटे जात नसतील, तिखट खाताना जळजळत असेल, गालाच्या आत दोऱ्यांसारखे काही लागत असेल, तर व्यायामाचा नाद सोडून मुखरोगतज्ज्ञाकडे जावे. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेले, चावताना वाढणारे दुखणे, सोबत कानशिलाला हात लावू न देणारी डोकेदुखी किंवा नजर अंधुक होणे, ही रक्तवाहिनीच्या दाहाची खूण असू शकते आणि ती तातडीची आहे. चालताना-चढताना जबडा दुखत असेल आणि बसल्यावर दुखणे थांबत असेल तर हृदय तपासावे.

म्हैसूरमध्ये या विषयावर लिहिताना योग टाळता येत नाही. कृष्णम्माचार्यांची योगशाळा १९३३ मध्ये जगनमोहन राजवाड्यात सुरू झाली, बी. के. एस. अय्यंगार १९३४ मध्ये त्यांच्याकडे आले आणि १९३७ मध्ये पुण्याला गेले, म्हणजे मराठी मुलखाला हा वारसा म्हैसूरहूनच मिळाला. मग शवासनाने जबडा सुटणार नाही का? इथे ‘बीएमजे’ची मार्गदर्शिका अडचणीचे उत्तर देते. नुसत्या शिथिलीकरणाविरुद्ध तिची सशर्त शिफारस आहे. तेच शिथिलीकरण सीबीटीच्या जोडीला आले तर मात्र ठाम शिफारस आहे. मला यात विसंगती दिसत नाही. सकाळी वीस मिनिटे सैल झालेला जबडा दहा वाजता कार्यालयात पुन्हा आवळला जात असेल, तर सकाळच्या वीस मिनिटांचा उपयोग किती? सैल होणे कसे असते हे योग शिकवू शकतो. ते दिवसाच्या मधोमध, रागाच्या, घाईच्या, वाट पाहण्याच्या क्षणी आठवणे हे वेगळे शिक्षण आहे. जबड्यासाठी सीबीटी देणारा मानसशास्त्रज्ञ कन्नड किंवा मराठी बोलणारा मिळणे सोपे नाही, हा आक्षेप मान्यच करावा लागतो. ताणाचा किंवा झोपेचा प्रश्न मोठा असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा निदान सुरुवात करून देते.

काही रुग्णांना मानसोपचाराचे नाव काढताच वाटते, आपल्याला नाटकी ठरवले. तसे नाही. गुडघा झिजलेल्या माणसालाही झोप आणि धास्ती सुधारली की दुखणे सोसवते; जबडा त्याला अपवाद का असावा? दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: हे दुखणे पुष्कळदा आपोआपच ओसरते, मग स्वस्त उपायांचे कौतुक कशाला? होय, ओसरते. नुसता कटकट आवाज, दुखणे नसलेला, कितीतरी लोकांना असतो आणि त्याला उपचार लागतच नाही. पण आपोआप ओसरणे हा युक्तिवाद महागड्या उपायांच्या विरुद्ध जास्त जोराने लागू पडतो. ज्याला काहीही न करता बरे वाटले असते, त्याला दात घासून बरे करण्यात दात गेले. पुरावा एकंदरीत मध्यम किंवा कमी खात्रीचा आहे, हेही खरे. म्हणूनच जे चुकले तर मागे घेता येते ते आधी, असा क्रम.

औषधांबाबत थोडक्यात. दुखणे नवे असेल तर आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन जेवणानंतर आठ-दहा दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. जनऔषधी केंद्रात ते स्वस्तात मिळते. मूत्रपिंड, जठर किंवा रक्तदाबाची तक्रार असलेल्याने ते आपल्या मनाने घेऊ नये. नैराश्याची काही औषधे, उदाहरणार्थ फ्लुओक्सेटिन आणि सर्ट्रालिन, सुरू झाल्यावर दात आवळणे वाढल्याचे दिसते. तसे झाले तर गोळी बंद न करता ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगावे. संध्याकाळनंतरची फिल्टर कॉफी आणि सिगारेट कमी करावी; म्हैसूरकराला पहिली सूचना दुसरीपेक्षा जड जाईल.

मोठा खर्च कधी करावा, हे राहिले. काहींच्या सांध्यात वर्षानुवर्षे कट आवाज येत असतो. एके दिवशी आवाज बंद होतो आणि तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. चकती पुढे सरकून अडकलेली असते. पहिल्या काही दिवसांत जाणत्या हाताने जबडा खाली ओढून ती कधी कधी परत बसवता येते, म्हणून यात आठवडे घालवू नयेत. नाही बसली तरी व्यायामाने पुढच्या महिन्यांत पुष्कळांचे तोंड बऱ्यापैकी उघडू लागते. तीन महिने नेटाने करूनही उघडत नसेल आणि घास घेणे जड होत असेल, तर १९९१ पासून रुळलेली सांधा धुण्याची पद्धत आहे: भूल देऊन दोन सुया, सलाईन आत आणि बाहेर, त्याच दिवशी घरी. जुन्या दुखण्यासाठी मार्गदर्शिका हिच्याविरुद्ध कलते, पण अडकलेल्या सांध्यात शस्त्रक्रियेच्या आधीची ही पायरी आहे. ती वैद्यकीय किंवा दंत महाविद्यालयाच्या मुखशल्य विभागात करून घ्यावी, आणि तिथे जाताना दर आठवड्याला तोंड किती मिलिमीटर उघडत होते याची नोंद सोबत न्यावी. मोजपट्टी पाच रुपयांची पुरते, आणि धुण्याची गरज खरोखर आहे का हे ठरवायला ती नोंद फार उपयोगी पडते.